वाघबारस आणि आमचे देवीडॉक्टर

परवा एका कीर्तनातून मी अर्ध्यातच उठून आलो. बुवा अगदी रंगात आले होते. कर्जताच्या डोंगरात शार्दूलेश्वराचं जागृत स्थान आहे. तिथं एक नास्तिक देवीडॉक्टर होता. त्यानं देवाची निंदा केली म्हणून त्याची वाचा बसली. मग तो देवापुढं गडबडा लोळला आणि देवानं त्याला वाघाच्या रूपात दर्शन दिलं, असं ते सांगत होते. बाया हात जोडत होत्या. माझ्या शेजारचे गृहस्थ तर डोळे पुसायला लागले होते. मला तिथं बसवेना.

त्या देवीडॉक्टरांच्या घरात मी भाडेकरू होतो. त्यांची वाचा कधीही बसली नाही. बसली असती तर आमच्या आळीतल्या पुष्कळांनी नारळ फोडले असते. ते कुणापुढं लोळले नाहीत, आणि त्यांना वाघ दिसला असेल तर तो चार पायांचा, डोंगरातला, त्यांच्या नोकरीच्या काळात. देवळात खरं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आज त्या माणसाच्या नावावर टाळ्या घेतल्या जातात, म्हणून हे लिहायला बसलो.

मी तेव्हा कर्जत स्टेशनात तारमास्तर होतो. नवीन लग्न झालेलं, राहायला जागा नाही. घाट चढायच्या आधी गाड्यांना मागून दुसरं इंजिन लावायचे, त्याचा धूर दिवसभर गावावर यायचा. अशा त्या गावात डॉक्टरांनी आपल्या घराच्या पुढच्या दोन खोल्या आम्हांला दिल्या. अट एकच घातली. "पंचांग आणलंत तर आतल्या खोलीत ठेवा. माझ्या नजरेस पडलं तर माझं डोकं फिरतं."

ते खरे डॉक्टर नव्हतेच. सरकारी खात्यात पोरांना देवी टोचायचं काम त्यांनी जन्मभर केलं, म्हणून लोक त्यांना देवीडॉक्टर म्हणत. त्या काळी लस आजच्यासारखी मिळत नसे. एका मुलाच्या दंडावर टोचायचं, तिथं फोड येऊन तो पिकला की त्यातलं पाणी घेऊन दुसऱ्या मुलाला टोचायचं. अशी माळ तुटू न देता गावोगाव जायचं. फोड पिकेपर्यंत त्याच वाडीत मुक्काम. कर्जत आणि खालापुराकडचा सगळा मुलूख डॉक्टरांनी असा पायाखाली घातला होता. दिवाळी म्हणा, शिमगा म्हणा, त्यांचे सण घरात कधी झालेच नाहीत. कधी पोशीर गावात कुणब्याच्या पडवीत, कधी डोंगरावर ठाकरांच्या वाडीत. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. पेन्शन घेऊन घरी आले ते डोक्यात सगळ्या वाड्यांचे सणवार घेऊनच.

कुणीही दारात आलं की आधी त्याची बाही वर सारायची, ही त्यांची सवय. भाजीवाली असो, पोलीसपाटील असो. दंडावरचा व्रण बघून म्हणायचे, "हा माझा." मग चेहरा बघायचे आणि मग नाव विचारायचे. आमच्या हिनं पहिल्या दिवशी चटकन हात मागं घेतला, तर म्हणाले, "सूनबाई, घाबरू नका. तुमच्याकडचा देवीडॉक्टर कसं टोचतो एवढंच बघायचं होतं."

पण सण जवळ आला की त्यांच्या अंगात यायचं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं : आपले सगळे सण रानातून आणि शेतातून आलेत, ज्यांनी ते घालून दिले ती माणसं अजून जिवंत आहेत, आणि आपण त्यांना दारात उभं करत नाही. त्यावर पोथीतली एक गोष्ट चिकटवतो आणि सण आमचा म्हणून सांगतो. "गौर बघा," ते ओरडायचे. त्यांना हळू बोलता येतच नसे. "तेरड्याची रोपं उपटून आणता, लुगडं नेसवता, माहेरवाशीण म्हणता. तिचं माहेर कुठलं? तेरडा काय वाड्याच्या चौकात उगवतो? डोंगरात उगवतो! मग डोंगरातली बाई त्या दिवशी घरात आली तर तिला ओसरीखाली का बसवता?"

बळीचंही तसंच. पाडव्याला शेणाचा बळी मांडायचा, त्याचं राज्य येऊ दे म्हणून ओवाळायचं, आणि त्याला पाताळात घालणाऱ्याची कथा ऐकून माना डोलवायच्या, यावर ते अर्धा दिवस भांडत. त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं मी म्हणणार नाही. प्रत्येक सण भातापाशी नेऊन ठेवायचा त्यांचा हट्ट होता. गणपती उंदरावर बसतो, कारण उंदीर भात खातो, असं त्यांनी एका लग्नाच्या पंगतीत मोठ्यानं सांगितलं, आणि यजमानांनी त्यांना ताटावरून उठवलं. ते उठले, हातात जिलबी होती ती खात खात घरी आले, आणि संध्याकाळपर्यंत शिव्या देत होते. यजमानांना नव्हे, जिलबी करणाऱ्याला. ती म्हणे कच्ची होती.

सुधारकांवरही त्यांचा तेवढाच राग. मुंबईहून कॉलेजात शिकलेला एक तरुण आला होता. शिमग्याची बोंब हा रानटीपणा आहे, ती बंद झाली पाहिजे, असं त्यानं शाळेत व्याख्यान दिलं. डॉक्टर मागून उठले आणि म्हणाले, "वर्षभर ज्याला तोंड उघडायची बंदी, त्याला एक दिवस ओरडू द्यायला कुणीतरी हा सण काढला. तुम्ही बाकीच्या दिवसांची बंदी उठवा, बोंब आपोआप बंद होईल." तरुण खाली बसला. अध्यक्षांनी घाईनं आभार मानले.

घरात मात्र त्यांना एकदा जबाब मिळाला. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंग झाल्यावर आमच्याकडं तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडतात. ही फोडायला गेली, तोच पडवीतून आरोळी आली.

"सूनबाई, थांबा! तो नरकासुर नाही. ते साधं कडू फळ आहे. भात कापणीला आलं की रानात पिकतं. नव्या अन्नाआधी कडू तोंडाला लावायचं म्हणून—"

"काका, माझ्या आईनं फोडलं, मी फोडते," हिनं तिथूनच सांगितलं. "ते कुठून आलं ते तुम्ही शोधा. मला पाणी गार व्हायच्या आत ह्यांना न्हाऊ घालायचंय." आणि फोडलं.

मला वाटलं आता घर सोडावं लागतं. डॉक्टर मात्र खूश झाले. "हे ठीक आहे," मला म्हणाले. "आईनं केलं म्हणून करते. यात खोटं काही नाही. माझं भांडण खोटं सांगणाऱ्यांशी आहे."

या सगळ्या सणांत त्यांचा जीव वाघबारशीवर. दिवाळीच्या तोंडावर आपण वसुबारस करतो, गायवासराला ओवाळतो. त्याच दिवशी डोंगरातले ठाकर वाघाला पुजतात. पाऊस उघडलेला असतो, गुरं लांब रानात जायला लागतात, तेव्हा गुराखी रानाच्या शिवेवर वाघोबाच्या दगडापाशी जमतात, खीर शिजवतात, काकडी ठेवतात, आणि पोरांतलाच एक वाघ होऊन गुरगुरतो, बाकीची त्याला पळवून लावतात. वर्षभर आमच्या गुरांना हात लावू नको, एवढंच मागणं. डॉक्टर म्हणायचे, "गाय खाली पुजतात, वाघ वर. एकाच सणाचे दोन अर्धे आहेत हे. आपल्या अर्ध्याला पोथी मिळाली, त्यांच्या अर्ध्याला रानटी हे नाव मिळालं."

हा वाघोबा म्हणजे घाटाच्या पायथ्याशी पायवाटेला लागून उभी असलेली एक शिळा होती. शेंदूर फासलेली, तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्रसूर्य. आमच्या गावाजवळचे एक इनामदार होते, त्यांचा मुलगा घोड्यावरून येत असताना त्या शिळेपाशी त्याला वाघ आडवा गेला. मुलगा सुखरूप घरी आला. बापानं नवस बोलला होता की काय कोण जाणे, पण उन्हाळ्यात तिथं देऊळ बांधायला घेतलं. दगड डोंगरातून वाहून आणले ते ठाकरांनीच. वाडीचा भगत चिंधू डॉक्टरांना म्हणाला, "आमच्या वागोबाला छप्पर व्हतंय. चांगलाच हाय की." डॉक्टरांना संशय होता, पण चिंधू एवढा हरखलेला होता की ते गप्प राहिले.

देऊळ उभं राहिलं तेव्हा वाघोबाची शिळा मागच्या भिंतीत गेली होती आणि पुढं शिवलिंग बसलं होतं. नाव शार्दूलेश्वर. एका गरीब पुराणिकाकडून माहात्म्य रचून घेतलं होतं. त्यात एक राजा होता, एक ऋषी होता, शाप होता, उःशाप होता. ठाकर तेवढा कुठं नव्हता.

आणि वसुबारशीच्या दिवशी इनामदारांनी देवळात गोपूजन आणि माहात्म्याचं वाचन ठेवलं. मामलेदार आले होते, आसपासची बडी मंडळी होती. मी डॉक्टरांबरोबर गेलो होतो. वाचन चालू असताना बाहेर गलका झाला. चिंधू, त्याची बायको आंबी, त्यांचा मुलगा आणि वाडीतली सगळी माणसं दरवर्षीप्रमाणे खिरीची मडकी, काकड्या घेऊन आली होती. एकाच्या बगलेत कोंबडं होतं. इनामदारांच्या गड्यांनी दार लावून घेतलं.

डॉक्टर उभे राहिले. "पुराणिकबुवा, हा राजा कुठल्या पुराणातला? अध्याय सांगा."

पुराणिकांनी इनामदारांकडं पाहिलं.

"डॉक्टर, देवाच्या दारात वाद नको," इनामदार म्हणाले.

"माझा वाद दाराबद्दलच आहे. ते बंद का? ज्यांनी दगड वाहिले ते बाहेर उभे आहेत."

"त्यांनी बाहेरून नमस्कार करावा. इथं रक्त सांडायचं नाही."

"कोंबडं बाहेर राहील. माणसं आत येऊ द्या."

"डॉक्टर, ती रानातली माणसं. इथं सोवळं आहे, बायका बसल्या आहेत. त्यांचा स्पर्श—"

हा शब्द ऐकला आणि डॉक्टरांचा चेहरा बदलला. ते सरळ इनामदारांच्या मुलापाशी गेले, तो तरणाताठा मुलगा पाटावर बसला होता, आणि त्याची बाही वर सारली.

"हा माझा," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हा लहान होता, त्या वर्षी देवीची साथ होती. गावातल्या एकाही आईनं आपलं मूल पुढं केलं नाही. मी डोंगरावरून एका ठाकरणीला तिच्या तान्ह्या पोरासकट खाली आणलं. त्या पोराच्या दंडातलं पाणी काढून ह्या दंडात घातलं. म्हणून हा आज बसलाय. आंबीचं ते पोर आता दाराबाहेर उभं आहे. दगड त्यानंच वाहिले. स्पर्श! आता कसला स्पर्श टाळताय?"

इनामदारीणबाईंनी तोंडाला पदर लावला. मुलगा स्वतःच्या दंडाकडं असा बघत होता की जणू तो दुसऱ्याचा आहे. मग एकदम आरडाओरडा सुरू झाला आणि आम्हांला लोटत बाहेर काढलं.

मला त्या दिवशी वाटलं, हा माणूस जिंकला. पण ज्यांच्या हातात सगळं असतं त्यांच्यावर नुसतं खरं बोलून मात करता येत नाही, हे मला नंतर कळलं आणि त्याचा राग अजून जात नाही. इनामदारांच्या मुलाला प्रायश्चित्त दिलं. डॉक्टरांना वाळीत टाकलं. न्हावी येईना, पाणक्या येईना. आम्हीही घर सोडावं म्हणून निरोप आला. ही म्हणाली, "पाणी मी भरीन. आपण कुठं जायचं नाही." आम्ही गेलो नाही.

ठाकरांचे हाल जास्त झाले. कापणीच्या दिवसांत इनामदारांनी त्यांना एकाही शेतावर घेतलं नाही, रानातली वाट अडवली. डॉक्टर रोज संतापत, अर्ज करतो म्हणत, मामलेदाराच्या दारात बसतो म्हणत. एके दुपारी आंबी आली. अंगणातच उभी राहिली.

"डाक्तर, तुमी आता गप बसा."

"गप्प? अगं, तुमच्या देवाला भिंतीत चिणलंय त्यांनी!"

"देव आमचा व्हता. भांडन तुमचा झाला. तुमी येक बोललाव न् आमच्या हातचा काम गेला. आमी काय बोलायचा ता आमी ठरवलं असता. तुमी आमाला इचारलंव काय?"

डॉक्टर पायरी उतरून अंगणात आले.

"न् आयका," ती म्हणाली, "वागोबा तिथं नाय. तो दगुड हाय निसता. वागोबा आमी उठवला न् दुसरीकडं बसवला."

"कुठं?" डॉक्टर एकदम पुढं झाले.

"ता तुमाला नाय सांगायचा. तुमी सगल्यांना सांगाल."

ती गेली. डॉक्टर पडवीत जाऊन बसले, जेवायलाही उठले नाहीत. नोकरीचा सगळा जन्म ज्यांच्या चुलीपाशी काढला, त्यांनीच दार लावून घेतलं होतं.

आणि अजून एक व्हायचं होतं. थंडीत टोचणीचे दिवस आले. नवा देवीडॉक्टर आला, चांगला मुलगा होता. गावात कुणी दार उघडीना. आया पोरं माजघरात लपवायला लागल्या. "कुणाच्या दंडातलं आहे?" हा एकच प्रश्न. डॉक्टर मंडपात जे बोलले ते घरोघर पोचलं होतं. तेवढ्यात खालापुराकडं देवी आल्याची बातमी लागली. पोशिरास एक मूल गेलं.

ते ऐकून डॉक्टर उठले. वाळीत टाकलेला माणूस, पण दारोदार फिरले. अंगणात उभे राहून ओरडले, हात जोडले. कुणी ऐकलं नाही. संध्याकाळी मला म्हणाले, "मास्तर, माझ्याबरोबर चला. इनामदारांनी आपला नातू पुढं केला तर गाव येईल."

इनामदारांनी आम्हांला ओसरीवर उभं ठेवलं. ऐकून घेतलं. नातवाची काळजी त्यांनाही होती, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी म्हणाले, "आधी तुम्ही देवळात सगळ्यांसमोर सांगायचं. माझ्या मुलाबद्दल बोललात ते खोटं होतं. आणि माहात्म्य खरं आहे."

"पहिलं सांगतो," डॉक्टर म्हणाले. "दुसरं कशाला?"

"दोन्ही."

मी डॉक्टरांचा हात धरला आणि म्हटलं, "चला इथून." त्यांनी हात सोडवून घेतला. "सोमवारी येतो," ते म्हणाले.

तो सोमवार मी विसरणार नाही. मंडप भरलेला. तेच पुराणिक, खाली मान घालून बसलेले. डॉक्टर लिंगापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "मी रागाच्या भरात खोटं बोललो. ती लस मुंबईहून काचेच्या नळीत आली होती." एवढं त्यांनी भराभर म्हटलं. मग थांबले. सगळे वाट बघत होते. इनामदार खाकरले. डॉक्टरांनी मागच्या भिंतीकडं पाहिलं, जिथं ती शिळा गिलाव्याखाली होती. "आणि हा," त्यांचा आवाज फाटला, "हा देव पहिल्यापासून शार्दूलेश्वरच."

हीच ती बसलेली वाचा. कीर्तनकार ज्याला देवाचा कोप म्हणतात तो हा. एका माणसाच्या तोंडून त्याच्याच जन्माविरुद्ध बोलवून घेतलं, आणि मंडपातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी टाळ्या पिटल्या. त्यांतल्या निम्म्यांना खरं काय ते ठाऊक होतं. त्यांच्या दंडांवर डॉक्टरांचेच व्रण होते.

दुसऱ्या दिवशी इनामदारांचा नातू टोचला गेला, आणि मग गावातली पोरं आली. आयांची रांग लागली. देवी आमच्या गावात आली नाही.

त्या सोमवारी देवळातून परतताना मी त्यांना म्हटलं होतं, "तुम्ही हे करायला नको होतं. जन्मभर ज्याच्याविरुद्ध भांडलात तेच बोललात."

"मास्तर, पोरं जगली तर सण करतील," ते म्हणाले. "कुठला सण कुठून आला, ते पुढं कुणीतरी शोधील. मेलेल्या पोरांचे सण कोण करणार?"

त्यानंतर ते सणांवर फारसे बोलले नाहीत. गौरी आल्या, दसरा गेला. पंचांग बाहेर राहिलं तरी ओरडले नाहीत, तेव्हा हिला रडू आलं.

वर्ष फिरून वसुबारस आली. सकाळी मी ड्यूटीवर निघालो होतो, तर अंगणात आंबी उभी. बरोबर तिचा मुलगा. डॉक्टर बाहेर आले आणि पायरीवरच थांबले.

"मी देवळात काय बोललो ते तुम्हांला कळलं असेल," ते म्हणाले.

"कळला," आंबी म्हणाली. "वाडीवरची पोरांबी टोचून घेतली आमी. चला आता. खीर निवल."

ते तसेच अनवाणी तिच्या मागून गेले. स्टेशनाच्या बाजूनं डोंगराकडं वळताना मला दिसले; तो तरुण पुढं वाट काढत होता आणि डॉक्टर धापा टाकत चालले होते.

दिवस मावळायच्या आत परत आले. धोतराला कुसळं लागली होती, कपाळावर शेंदूर होता. ते अंगणात पाय धुवायला बसले. हिनं तांब्या दिला. मला राहवेना.

"कुठं बसवलाय वाघोबा?" मी विचारलं. "घाटाच्या अलीकडं की पलीकडं?"

ते पायावर पाणी ओतत राहिले.

"मला तरी सांगा, डॉक्टर. मी कुणाला सांगायला जाणार?"

"मास्तर," ते म्हणाले, "खीर फार चांगली झाली होती." तांब्या पालथा घातला आणि घरात गेले.